न वाजलेल्या शिट्टीचं काय?

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने आपल्याकडे पहाटे आणि सकाळी दिसतात, त्यामुळे पंचांवरचा राग बहुधा पहिल्या चहाबरोबरच निघत असावा. या महिन्याच्या पत्रांमध्ये सूर एकच होता : पंच आंधळे आहेत किंवा विकले गेले आहेत. सगळ्या पत्रांना उत्तरं देणं शक्य नाही. काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : लेकर्स-सेल्टिक्स सामन्यात शेवटच्या क्षणी लेब्रॉन जेम्सच्या हातावर फटका बसला. घरी बसलेल्या आम्हाला तो दिसला आणि मैदानावरच्या तीन पंचांना दिसला नाही, हे कसं? आणि लेकर्सनी चॅलेंज का घेतलं नाही? (ठाणे)

तो सामना २८ जानेवारी २०२३ चा, बोस्टनचा. १०५-१०५ अशी बरोबरी होती. लेकर्सचा जेम्स लेअपसाठी (बास्केटजवळून उडी मारून टाकायच्या शॉटसाठी) वर गेला आणि सेल्टिक्सच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर आपटला. शिट्टी वाजली नाही, ओव्हरटाइम झाला आणि सेल्टिक्सनी १२५-१२१ असा सामना जिंकला. मुख्य पंचांनी सामन्यानंतर चूक कबूल केली. मधल्या काळात लेकर्सच्या पॅट्रिक बेव्हर्लीनं एका छायाचित्रकाराचा कॅमेरा उचलून पंचांसमोर धरला आणि बदल्यात टेक्निकल फाउल (गैरवर्तनाबद्दलची शिक्षा) ओढवून घेतला. पुरावा खरा होता, तरी शिक्षा पुरावा दाखवणाऱ्याला झाली.

तिघांना कसं दिसलं नाही, ते समजून घ्यायला पंच कुठं उभे असतात हे पाहावं लागतं. एक पंच बास्केटमागे बेसलाइनवर असतो, तो लीड. दुसरा चेंडूच्या मागे, मध्यरेषेच्या बाजूला, तो ट्रेल. तिसरा समोरच्या साइडलाइनवर, फ्री थ्रो (फाउलनंतर कुणी न अडवता मारायचा एक गुणाचा शॉट) जिथून मारतात त्या रेषेच्या सरळ रेषेत, तो स्लॉट. प्रत्येकाला कोर्टचा एकेक तुकडा वाटून दिलेला असतो. चेंडू एका बाजूला स्थिरावला की लीड रिंगखालून पलीकडे जातो आणि बाकीचे दोघे आपापली कामं बदलून घेतात. याला रोटेशन म्हणतात. अर्धं रोटेशन झालेलं असताना कुणी बास्केटकडे मुसंडी मारली, तर तो तुकडा नेमका कुणाचा, हेच क्षणभर ठरलेलं नसतं. दोघांनाही वाटतं की दुसरा बघतोय.

याहून नेहमीचं कारण म्हणजे कोन. पंचाला बघायची असते ती आक्रमक आणि बचावपटू यांच्या अंगांमधली फट. हे दोघे आणि पंच एका रेषेत आले की फट बंद होते आणि पंचाला दिसते फक्त एक पाठ. अशा वेळी पाच-सहा फुटांवर उभं राहूनही काही कळत नाही. एक-दोन पावलं बाजूला सरकलं की तोच हात स्वच्छ दिसतो. टीव्हीचा मुख्य कॅमेरा प्रेक्षागारात उंचावर असतो आणि रीप्लेसाठी तर रिंगभोवतीचे वेगवेगळे कोन हाताशी असतात. पंचाला एकच कोन मिळतो आणि तोही धावता धावता. चूक मात्र चूकच. जवळ असणं आणि दिसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढंच सांगायचंय.

चॅलेंजचं, म्हणजे प्रशिक्षकानं पंचांच्या निर्णयाला द्यायच्या आव्हानाचं म्हणाल तर नियमानं ते घेताच आलं नसतं. वाजलेल्या शिट्टीलाच आव्हान देता येतं. जी वाजलीच नाही तिच्याविरुद्ध प्रशिक्षकाच्या हातात काहीही नाही. आमच्या मते एनबीएच्या पंचव्यवस्थेतलं सगळ्यात मोठं भोक हेच आहे, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते पुन्हा भेटेल.

प्रश्न : मी एडिसनला राहतो. सकॉकसचं रीप्ले सेंटर इथून फार लांब नाही. तिथं बसलेले लोक सगळे निर्णय देतात असं मित्र म्हणतात. खरं का? चॅलेंज नेमकं कसं चालतं? (एडिसन, न्यू जर्सी)

सगळे निर्णय नाही. चित्रफिती बघून निर्णय तपासणारं एनबीएचं ते केंद्र २०१४ मध्ये सुरू झालं. चॅलेंज २०१९-२० च्या हंगामात प्रयोग म्हणून आलं आणि नंतर कायम झालं. क्रम असा : शिट्टी वाजली की प्रशिक्षकानं लगेच टाइमआउट मागायचा आणि तर्जनी हवेत गोल फिरवायची. टाइमआउट शिल्लक नसेल तर चॅलेंजही नाही. वैयक्तिक फाउल, चेंडू बाहेर कुणाचा हात लागून गेला आणि गोलटेंडिंग (रिंगकडे खाली येणारा चेंडू हातानं अडवणं), एवढ्यांवरच आव्हान देता येतं. चेंडू बाहेर जाणं आणि गोलटेंडिंग यांचा अंतिम निर्णय सकॉकसमधला पंच देतो. फाउलचा निर्णय मात्र मैदानावरचा मुख्य पंचच पडद्यावर बघून देतो, म्हणजे ज्यांच्या शिट्टीवर शंका आहे त्यांच्यातलाच एक जण. हे अनेकांना खटकतं, आणि ते खटकणं चुकीचं नाही.

निर्णय फिरवायला पुरावा स्पष्ट आणि निर्णायक लागतो. 'बहुतेक फाउल नसावा' एवढ्यावर काही फिरत नाही, मूळ शिट्टी कायम राहते आणि टाइमआउट जातो. चॅलेंज यशस्वी झालं तर टाइमआउट परत मिळतो, आणि २०२३-२४ पासून दुसरं चॅलेंजही मिळतं. त्या दुसऱ्याचा टाइमआउट मात्र निकाल काहीही लागला तरी परत येत नाही.

यात एक खाच आहे. समजा तुमच्या बचावपटूवरचा फाउल रद्द झाला. पण शिट्टी वाजली त्या क्षणी चेंडू रिंगवर आपटून हवेत होता, कुणाच्याच ताब्यात नव्हता. अशा वेळी मध्यवर्तुळात जंप बॉल होतो, म्हणजे पंच चेंडू वर उडवतो आणि दोन्ही संघांचा एकेक खेळाडू त्यासाठी उडी मारतो. चॅलेंज जिंकून हातात काय आलं, तर अर्धी संधी. म्हणून जाणते प्रशिक्षक पहिल्या क्वार्टरमधल्या किरकोळ फाउलवर बोट फिरवत नाहीत. मुख्य खेळाडूचा महत्त्वाचा फाउल पुसायचा असेल किंवा बास्केटबरोबर मिळणारा जादा फ्री थ्रो वाचवायचा असेल, तर ते चॅलेंज वापरतात.

एक सुधारणा सांगायला हवी. २०२४-२५ पासून, चेंडू बाहेर गेल्याचा निर्णय तपासताना त्याला लागूनच सुटलेला फाउल दिसला, तर तो देता येतो. न वाजलेली शिट्टी नंतर वाजवण्याची ही छोटीशी फट आहे. ठाण्याच्या वाचकांच्या प्रसंगात तिचाही उपयोग झाला नसता.

प्रश्न : २००२ च्या लेकर्स-किंग्ज मालिकेतल्या सहाव्या सामन्यात लेकर्सना एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये २७ फ्री थ्रो मिळाले. आणखी काय पुरावा हवा? (कोल्हापूर)

आकडा खरा आहे. किंग्ज मालिकेत ३-२ असे पुढे होते आणि तो सामना १०६-१०२ असा हरले. व्लादे दिवाच आणि स्कॉट पोलार्ड हे त्यांचे दोन्ही उंच खेळाडू सहा-सहा फाउल होऊन बाहेर गेले. शेवटच्या काही सेकंदांत लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर किंग्जच्या माइक बिबीच्या नाकावर बसलं, त्यावर शिट्टी वाजली नाही. पंचगिरी वाईट होती, यावर आमचा तुमच्याशी वाद नाही.

पण फ्री थ्रोची संख्या म्हणजे पुरावा नव्हे. एनबीएत एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून प्रत्येक बचावात्मक फाउलला फ्री थ्रो मिळतात, मग शॉट घेतलेला असो वा नसो. बचाव करणारा संघ सुरुवातीलाच चार फाउल करून बसला, तर उरलेल्या मिनिटांत साधा धक्काही दोन फ्री थ्रो देऊन जातो. शेवटी मागे असलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो, त्यानं आकडा आणखी फुगतो. शिवाय जो संघ चेंडू आत शकील ओ'नीलसारख्या धिप्पाड खेळाडूकडे देतो, त्याला बाहेरून तीन गुणांचे शॉट मारणाऱ्या संघापेक्षा जास्त फ्री थ्रो मिळणारच. दोन संघांचे फ्री थ्रो सारखे आले तर न्याय झाला, हे गणितच चुकीचं.

खरंच तपासायचं असेल तर सामन्याचं रेकॉर्डिंग आणि एक वही घ्या. प्रत्येक शिट्टीसाठी क्वार्टर, वेळ आणि बचावपटूचं नाव लिहा. आधी नेहमीच्या वेगात बघा, मग हळू गतीत. उलट क्रमानं बघू नका, कारण हळू गतीत प्रत्येक स्पर्श फटक्यासारखा दिसतो. नजर चेंडूवर न ठेवता बचावपटूच्या पायांवर आणि धडावर ठेवा. पंचांनाही हेच शिकवतात : बचाव बघा आणि हालचालीची सुरुवात, मध्य आणि शेवट असे तिन्ही बघा. मग एकच प्रश्न विचारा, त्या स्पर्शानं आक्रमकाची लय, वेग, तोल किंवा चपळाई बिघडली का? बिघडली तर फाउल, नाही तर खेळ चालू. हे सगळं केल्यावर, शिट्टी न वाजलेल्या जागाही तितक्याच चिकाटीनं नोंदवा. बहुतेक चाहत्यांची वही इथंच बंद पडते, कारण आपल्या संघाचे सुटलेले फाउल लिहायला हात उचलत नाही.

एनबीए स्वतः हेच काम छोट्या प्रमाणावर करते. मार्च २०१५ पासून शेवटच्या दोन मिनिटांचे अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर होतात. शेवटच्या दोन मिनिटांत कधीही फरक तीन किंवा त्याहून कमी गुणांचा झाला, तर त्या सामन्याचा अहवाल निघतो (आधी ही मर्यादा पाच गुणांची होती). प्रत्येक प्रसंगाला चारांपैकी एक शेरा असतो : शिट्टी बरोबर, शिट्टी चूक, न वाजवणं बरोबर, न वाजवणं चूक. काही अहवाल ओळीनं वाचून बघा. चुकांमध्ये 'न वाजवणं चूक' हाच शेरा वारंवार भेटतो. पंच नको तिथं शिट्टी फुंकतात त्यापेक्षा गिळतात जास्त. अहवालानं निकाल मात्र बदलत नाही.

प्रश्न : रिंगखालचा अर्धवर्तुळाचा नियम अजून डोक्यात शिरत नाही. चार्ज कधी आणि ब्लॉक कधी? (नाशिक)

धडकेत चूक आक्रमकाची धरली तर चार्ज, बचावपटूची धरली तर ब्लॉक. एनबीएत त्या अर्धवर्तुळाची त्रिज्या चार फूट आहे, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, आपल्याकडे चालणाऱ्या) नियमांत १.२५ मीटर. मदतीला धावून आलेला दुसरा बचावपटू त्या अर्धवर्तुळात उभा राहून धडक अंगावर घेत असेल, तर एरवी चार्ज झाला असता तरी तो ब्लॉक धरतात. तोच बचावपटू आत राहून सरळ वर उडी मारत असेल आणि हात उभे असतील, तर त्याच्यावर फाउल नाही.

अर्धवर्तुळाबाहेर प्रश्न वेळेचा असतो. एनबीएत आक्रमकानं शॉटसाठी वर जायला सुरुवात करण्याआधी बचावपटू त्याच्या वाटेत पोचलेला हवा. फिबात आक्रमकाचे पाय जमीन सोडण्याआधी पोचला तरी चालतं. फरक काही क्षणांचाच, पण त्यामुळेच आपल्याकडचा चार्ज अमेरिकेत ब्लॉक ठरतो. आणि बचावपटू पुतळ्यासारखा स्थिर हवा, हे खोटं आहे. त्यानं जागा घेतली असेल तर तो मागे किंवा बाजूला सरकू शकतो, फक्त धक्का छातीवर यायला हवा. खांद्यावर किंवा मांडीवर धडक बसली तर बहुधा तो उशिरा पोचलेला असतो.

प्रश्न : चुकीच्या निर्णयानं हरलेला सामना पुन्हा खेळवता येतो का? (सोलापूर)

निर्णय चुकला म्हणून नाही. नियम चुकीचा लावला गेला असेल तर येतो.

१२ फेब्रुवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये रॉकेट्स आणि निक्स १०३-१०३ वर होते. घड्याळात ०.३ सेकंद उरली असताना निक्सच्या जेलन ब्रन्सनविरुद्ध फाउल दिला गेला आणि रॉकेट्सनी १०५-१०३ असा सामना जिंकला. हा फाउल द्यायला नको होता, असं मुख्य पंचांनी त्याच रात्री सांगितलं. निक्सनी अधिकृत तक्रार केली आणि ती फेटाळली गेली. पंचाला संपर्क जास्त वाटला, ही अंदाजाची चूक. अशा चुकीला तक्रारीच्या नियमात जागा नाही.

याउलट उदाहरण डिसेंबर २००७ चं. अटलांटा हॉक्स आणि मायामी हीट यांच्या सामन्यात गुणलेखकांच्या टेबलवर शकील ओ'नीलचे फाउल मोजण्यात गडबड झाली. त्याचा पाचवा फाउल सहावा म्हणून धरला गेला आणि ओव्हरटाइमची ५१.९ सेकंद शिल्लक असताना त्याला बाहेर काढलं. हीटची तक्रार मान्य झाली आणि ८ मार्च २००८ ला तेवढीच ५१.९ सेकंद पुन्हा खेळवली गेली. तोपर्यंत ओ'नील मायामी सोडून फीनिक्सला गेलाही होता! निकाल तोच राहिला, हॉक्स जिंकले. तक्रार ४८ तासांत करावी लागते, सोबत १०,००० डॉलर भरावे लागतात, आणि तक्रार फेटाळली तर ते गेले.

प्रश्न : टिम डोनागी प्रकरणानंतर पंचांवर विश्वास का ठेवायचा? (मडगाव)

डोनागी १३ हंगाम एनबीएत पंच होता. २००७ मध्ये एफबीआयचा तपास उघड झाला, त्यानं राजीनामा दिला, गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्यानं सट्टेबाजांना आतली माहिती पुरवली होती : कोणत्या सामन्याला कोण पंच आहेत, कोणाचं कोणाशी कसं जमतं, कोण जखमी आहे. मुद्दाम चुकीच्या शिट्ट्या वाजवल्याचं एनबीएनं नेमलेल्या चौकशीत सिद्ध झालं नाही. ज्या सामन्यावर पैसे लागले आहेत त्याच सामन्यात हातात शिट्टी असणं हाच गुन्हा पुरेसा होता. कोल्हापूरच्या वाचकांनी लिहिलेल्या २००२ च्या मालिकेवरही त्यानं नंतर बोट दाखवलं, पण त्यावरून कुणावर आरोपपत्र झालं नाही.

त्यानंतरचा कामाचा बदल अगदी साधा आहे. पंचांची नावं पूर्वी गुप्त असायची, म्हणून त्यांना बाजारात किंमत होती. आता ती सामन्याच्या दिवशी सकाळी सगळ्यांसाठी जाहीर होतात. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते विकता येत नाही.

विकलेल्या पंचापेक्षा नकळत झुकणाऱ्या पंचाची काळजी जास्त करावी, असं आमचं मत. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वोल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी १९९१ ते २००४ दरम्यानचे सामने तपासले. पंचांचा वंश खेळाडूच्या वंशाहून वेगळा असेल तर त्याच्यावर किंचित जास्त फाउल दिले जातात, असं त्यांना आढळलं. २००७ मध्ये त्याची वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. पुढच्या वर्षांचे सामने तपासले तर तो फरक नाहीसा झालेला होता, तोही एनबीएनं त्यासाठी खास प्रशिक्षण न देता. आपल्याकडे कुणी बघतंय, एवढं कळणं पुरेसं ठरलं. प्राइस यांनीच इतरांबरोबर केलेल्या आणखी एका अभ्यासात यजमान संघ आणि मागे पडलेला संघ यांच्याकडे कल दिसला, आणि तो ट्रॅव्हलिंगसारख्या (चेंडू न टप्पावता पावलं टाकणं) पंचाच्या मर्जीवरच्या निर्णयांत. चेंडू थेट बाहेर फेकला जाणं अशा चुकांत पंचाला काही करायचंच नसतं, तिथं तसा कल नव्हता.

प्रश्न : आमच्या आंतरशालेय स्पर्धेत दोनच पंच असतात आणि दर सामन्यात भांडणं होतात. तीन पंच परवडत नाहीत. काय करावं? (नागपूर)

एनबीएतही १९८८ पर्यंत, १९७८-७९ चा एक हंगाम सोडला तर, दोघेच असायचे, तेव्हा दोघांत भागवता येतं. बहुतेक भांडणांचं मूळ एकच असतं : दोघेही चेंडूमागे बघतात.

सामन्याआधी दहा मिनिटं दोघांनी बसून वाटणी पक्की करा. बेसलाइनवरचा लीड, मागचा ट्रेल. शॉट सुटला की चेंडूचा प्रवास, गोलटेंडिंग आणि शॉट दोन गुणांचा की तीन, हे ट्रेलचं काम. त्या वेळी लीडनं वर बघायचंच नाही, रिंगखाली कोण कुणाला ढकलतंय ते बघायचं. रीबाउंडच्या वेळी, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडताना, पाठीमागून दिलेले धक्के इथंच सुटतात आणि पुढच्या मिनिटाला त्याचा बदला घेतला जातो. ट्रेलनं मध्यरेषेवर खिळून राहू नये. चेंडूपासून साधारण तीन ते पाच मीटर अंतर ठेवावं आणि खेळाडूंमधली फट दिसेल अशा बाजूला सरकत राहावं.

शिट्टी वाजवायची घाई नको. स्पर्श झाला की अर्धा क्षण थांबा आणि खेळाचं काय बिघडलं ते बघून फुंका. फुंकलीत तर एकदाच आणि खणखणीत. फाउलला मूठ वर, मग टेबलकडे जाऊन खेळाडूचा क्रमांक, फाउलचा प्रकार आणि पुढं काय या तिन्ही गोष्टी हातांनी दाखवा, तोंडानंही सांगा. दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजल्या तर आधी एकमेकांकडे बघा, मग हात हलवा. एकानं ब्लॉक आणि दुसऱ्यानं चार्ज दाखवला की तो सामना तिथंच हातातून गेला समजा.

टेबलवर शाळेतल्या कुणालाही बसवू नका. गुणलेखकाला आधी एका सराव सामन्यावर बसवा. फिबाच्या नियमांत पाचव्या वैयक्तिक फाउलला खेळाडू बाहेर जातो आणि क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. प्रत्येक क्वार्टर संपला की तक्ता मागवून प्रत्येक खेळाडूचे फाउल, संघाचे फाउल आणि गुणफलक जुळवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. ओ'नीलच्या बाबतीत ते एनबीएच्या टेबलवरही राहून गेलं होतं, आणि तुमच्या स्पर्धेला तीन महिन्यांनी ५१.९ सेकंद पुन्हा खेळवायची सोय नाही.